आमची बेबी : पनवेलच्या रस्त्यावरील एका विलायती मोटारीची हकीकत

पनवेलचा इतिहास कुणी सांगू लागले की प्रथम बंदर येते, मग मिठाचे आणि भाताचे व्यापारी येतात, १८५२ साली स्थापन झालेली नगरपालिका येते आणि शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके येतात. हे सारे यायलाच हवे. परंतु ज्या रस्त्याच्या जिवावर आपले गाव जगले, त्या रस्त्यावरून धावलेल्या मोटारींविषयी, आणि त्यातही एखाद्या बाईने चालविलेल्या मोटारीविषयी, कुणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी जुने द्या, पण नुसते ऐकीव नको" अशी अट घालून लेख मागितला, तेव्हा मला आमच्या बेबीची आठवण झाली. बेबी म्हणजे आमच्या घरची मॉरिस मायनर मोटार. तिचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे. तिला ठेवायचे की मोडीत काढायचे, हा प्रश्न आमच्या घरात गेले वर्षभर धुमसतो आहे. तो सुटण्यापूर्वी तिची हकीकत कागदावर यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी रस्त्याविषयी सांगते, कारण रस्त्यावाचून मोटारीला अर्थ नाही.

पूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस होडीने खाडीतून पनवेल बंदरात उतरे आणि येथून पालखीत नाहीतर बैलगाडीत बसून चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाटाच्या पायथ्याशी जाई. घाटातून चाकाची गाडी नीट नेता येईल असा रस्ता गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या वेळी, १८३० साली, खुला झाला. देशावरच्या गाड्या मग घाट उतरून पनवेलला येऊ लागल्या, आणि पनवेलचे सुतार बैलगाडीची चाके करण्याबद्दल नावाजले गेले. पुढे १८६३ साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली. ती गेली कल्याण-कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडले. आपल्या गावापर्यंत रूळ यायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. मधली शंभर वर्षे गावाला बंदराने आणि या रस्त्याने तगविले. मोटारी आल्या तेव्हा रस्त्याला पुन्हा दिवस आले. वाशीचा खाडीपूल १९७३ साली झाला. तोवर मुंबईची मोटार ठाणे, मुंब्रा, शीळ असा वळसा घेऊन पनवेलला येई, इथे थांबून पाणी भरून घेई, आणि मग पळस्पे फाट्यावरून कुणी घाटाकडे, कुणी पेणकडे वळे. रस्त्यावरच्या दुकानात चहा पीत बसले तरी जगातल्या साऱ्या मोटारी बघायला मिळत, असे आमचे आजेसासरे सांगत.

मोटार चालविणारी हिंदुस्थानातली पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचे नाव घेतात. या जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री, जन्माने फ्रेंच; साल १९०५ सांगतात. त्या घरच्या श्रीमंतीचा आणि आमचा काय संबंध! सामान्य घरच्या बाईच्या हाती मोटारीचे चाक यायचे तर मोटार आधी लहान आणि स्वस्त व्हायला हवी होती. ते काम विलायतेत झाले.

इंग्लंडातही आरंभी मोटार ही बड्या लोकांचीच चैन होती. १९२२ साली ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली गाडी निघाली आणि कारकून, शिक्षक, किरकोळ दुकानदार यांच्या दारात मोटार उभी राहिली. तिला सगळे बेबी ऑस्टिन म्हणत. हे नाव समुद्र ओलांडून इकडेही आले. आमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडी तर कोणतीही लहान मोटार म्हणजे 'बेबी'च होती. ऑस्टिनचे प्रतिस्पर्धी विल्यम मॉरिस. ऑक्सफर्ड शहरात सायकली दुरुस्त करण्यापासून या गृहस्थांनी सुरुवात केली, १९१३ साली पहिली मोटार विकली, आणि पुढे ते लॉर्ड नफील्ड झाले. सायकलवाल्याने मोटार केली हे लक्षात ठेवा. सायकल पुढे आमच्या हकीकतीतही येणार आहे.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच मॉरिसच्या कारखान्यात अॅलेक इसिगोनिस नावाचा तरुण इंजिनिअर एका लहान गाडीचे आराखडे काढीत बसला होता. त्याचा जन्म १९०६ चा, तुर्कस्तानातल्या स्मर्ना शहरातला. तिथल्या लढाईच्या धामधुमीनंतर आईबरोबर तो इंग्लंडात आला होता. त्याचे म्हणणे असे की गाडी लहान असली म्हणून ती दरिद्री का असावी? माणसांना ऐसपैस बसता आले पाहिजे आणि वळणावर गाडी हाताच्या इशाऱ्यासरशी वळली पाहिजे. नमुना तयार झाला, तेव्हा त्याला तो अरुंद आणि बेढब वाटू लागला. त्याने नमुन्याची गाडी मधोमध उभी कापविली आणि दोन्ही अर्धे थोडेथोडे दूर सरकवून डोळ्यांना बरे दिसेपर्यंत बघत राहिला. चार इंचांवर त्याचे समाधान झाले. चोळी काखेत काचू लागली की आपण कळी घालून ती सैल करतो, तसाच हा प्रकार. पण तोवर काही साचे होऊन गेले होते. म्हणून बॉनेटच्या मधोमध चार इंचांची एक उंच पट्टी घालावी लागली. ती पट्टी आमच्या बेबीच्या बॉनेटवर आजही आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना सासूबाई त्या पट्टीवर बोट ठेवून ही गोष्ट न चुकता सांगतात.

ही मॉरिस मायनर २७ ऑक्टोबर १९४८ रोजी लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोकांपुढे आली. खुद्द लॉर्ड नफील्डना ती मुळीच आवडली नव्हती. पाण्यात फोडून सोडलेल्या अंड्यासारखी दिसते, असे ते म्हणाले म्हणे. मालकाला न आवडलेली ही पोर पुढे अशी नावारूपाला आली की १९६० च्या अखेरीस तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. इंग्लंडात तयार झालेल्या कोणत्याही एका मोटारीने त्यापूर्वी दहा लाखांचा आकडा गाठला नव्हता. १९७१ साली उत्पादन बंद झाले तोवर सोळा लाखांच्या आसपास गाड्या निघाल्या. तिकडे ती कुणाची गाडी म्हणून ओळखली जाते ठाऊक आहे? खेडोपाडी फिरणाऱ्या परिचारिकांची आणि सुईणींची. हे मला कळले तेव्हा मी सासूबाईंकडे बघतच राहिले. का, ते पुढे येईल.

हिंदुस्थानात मॉरिसच्या गाड्या आणल्या त्या बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीने. ही कंपनी १९४२ साली गुजरातेत ओखा बंदराला सुरू झाली आणि १९४८ साली कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेली. इंग्लंडहून सुटे भाग यायचे, इकडे जोडणी व्हायची. मॉरिस टेन झाली 'हिंदुस्थान टेन', आणि मायनर झाली 'बेबी हिंदुस्थान'. मुंबईत शिवडीला अमेरिकन जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ पासून होता. परंतु १९५३ साली सरकारने असे ठरविले की नुसती जोडणी चालणार नाही, ज्यांना भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावे. त्यामुळे तो कारखाना पुढच्याच वर्षी बंद झाला. हिंदुस्थान मोटर्सने नंतर मोठ्या गाडीवर भर दिला आणि बेबी मागे पडली. ती मोठी गाडी म्हणजे आपली सर्वांची अँबॅसिडर. तिचा वंश मॉरिस ऑक्सफर्डचा, आणि नव्या घडणीची ऑक्सफर्ड मायनरबरोबर एकाच प्रदर्शनात, एकाच दिवशी प्रथम दिसली होती. म्हणजे नात्याने अँबॅसिडर ही आमच्या बेबीच्या थोरल्या बहिणीकडची. ती १९५७-५८ पासून २०१४ पर्यंत निघत होती. धाकटीच्या नशिबी तेवढे आयुष्य नव्हते. म्हणूनच या देशात बेबी हिंदुस्थान थोड्या झाल्या आणि आज हाताच्या बोटांनी शोधाव्या लागतात.

आता आमच्या घराकडे वळते.

आजेसासऱ्यांची भाताची गिरण होती. त्यांनी १९५८ साली मुंबईतल्या एका पारशी गृहस्थाकडून ही गाडी चार हजार रुपयांना घेतली. गाडी १९५२ सालची, चार दारांची, रंग राखी. नंबराच्या पाटीवर बी. एम. ही मुंबईची जुनी अक्षरे. घेतली ती व्यापाराच्या सोयीसाठी. पण गिरणीचे पोते काही तिच्यात मावत नसे, त्यामुळे ती प्रतिष्ठेचीच जास्त झाली. रविवारी गाडी धुतली जाई तेव्हा आळीतली मुले गोळा होत. एकाला भोंगा वाजवायला मिळे, बाकीच्यांना नुसते बघायला.

सासूबाई १९६४ साली लग्न होऊन या घरात आल्या. माहेर पुण्याचे. तिथे त्या सायकलवरून शाळेत जात. पनवेलला आल्यावर सायकल सुटली, कारण सुनेने सायकलवर बसून बाजारात जायचे हे तेव्हा इथे कुणाला पटले नसते. १९६६ साली आजेसासऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सासऱ्यांना मोटारीत बसले की मळमळे, चालविण्याचे तर नावच नको. ड्रायव्हर ठेवावा तर आजेसासरे पडले चिक्कू. एके दिवशी जेवता जेवता त्यांनी सुनेला विचारले, "तुला सायकल येते ना गं?" सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "येते, मामंजी." "मग तोल आहे आणि रस्त्याची नजरही आहे. उद्यापासून गाडीचे चाक धर." घरात एकदम शांतता पसरली. सासूबाईंच्या सासूबाईंनी आमटीची पळी भांड्यात जोरात आपटली, आणि विषय तिथेच संपला, असे सासूबाई सांगतात.

कायद्याची आडकाठी कधीच नव्हती. १९३९ च्या मोटार कायद्यात वयाची अठरा वर्षे पुरी झालेल्या कुणालाही परवाना मिळण्याची सोय होती. बाई की पुरुष हा प्रश्नच नव्हता. आडकाठी होती ती लोकांच्या नजरेत. परवान्यासाठी गेल्यावर एका साहेबांनी "यजमानांची संमती आहे का?" असे विचारून दोनदा परत पाठविले. तिसऱ्या खेपेला आजेसासरे स्वतः काठी टेकीत बरोबर गेले आणि म्हणाले, "यजमान घाबरतात, सासऱ्याची संमती चालेल का?" परवाना मिळाला.

त्या काळी घरात नऊवारीच होती. माझी एक समजूत अशी होती की नऊवारीत मोटार चालविणे म्हणजे दिव्य. सासूबाई उलटे सांगतात. कासोटा घातला की दोन्ही पाय मोकळे, क्लचवर एक आणि ब्रेकवर एक. अडचण झाली ती पुढे पाचवारी नेसू लागल्यावर, निऱ्या पायांत येत तेव्हा.

ही गाडी चालविणे म्हणजे काय, ते ज्यांनी आजच्या गाड्याच पाहिल्या आहेत त्यांना सांगितले पाहिजे. मी स्वतः २००३ साली सासूबाईंकडूनच शिकले, तेव्हा अनुभवाने सांगते. किल्ली फिरविली की इंजिन लगेच सुरू होत नाही. आधी पेट्रोलचा विजेचा पंप टक टक टक असा वाजू लागतो. भांडे भरले की तो आपोआप मंदावतो आणि थांबतो. तो वाजलाच नाही तर बॉनेट उघडून पान्याच्या दांड्याने त्याला हलकेच टकटक करायचे, की रुसवा जातो. मग चोकची मूठ ओढायची, मग सुरू करण्याची मूठ ओढायची. बॅटरी मेलेली असली तर पुढे बंपरखाली हँडल घालून फिरवायचे. हँडल मारताना अंगठा इतर बोटांच्या बाजूनेच ठेवायचा, दांड्याला मिठी घालायची नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. सासूबाईंनी मला पहिला धडा दिला तो याच गोष्टीचा, आणि तीन दिवस दुसरे काही शिकविले नाही.

गिअर चार. पहिला गिअर गाडी चालू असताना पडत नाही, पाडायचा तर क्लच दोनदा दाबून, मध्ये इंजिनाला थोडा वेग देऊन, आवाज जुळवून घ्यावा लागतो. पोळी तव्यावरून उलटायची वेळ जशी घड्याळात बघावी लागत नाही, तशीच ही वेळ कानाला कळते. वळताना दिवे लुकलुकत नाहीत. दोन दारांमधल्या खांबातून वीतभर लांबीचा एक नारिंगी हात बाहेर येतो, आत दिवा लागलेला. डावीकडे वळायचे तर डावा हात, उजवीकडे वळायचे तर उजवा. पावसाळ्यात तो अर्ध्यावर अडकतो, मग आतून खांबावर मूठ मारायची. रात्री समोरून गाडी आली की दिवे खाली करण्याचे बटण हाताशी नसून डाव्या पायाशी जमिनीवर आहे. चाक मात्र लोण्यासारखे हलके. शिवाजी चौकातून बाजाराच्या बोळात गाडी वळविताना त्या इसिगोनिससाहेबाला मी मनातल्या मनात पुष्कळ वेळा धन्यवाद दिले आहेत.

घाटाची गोष्ट वेगळी. इंजिन ९१८ सी.सी.चे, शक्ती सत्तावीस-अठ्ठावीस घोड्यांची, आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत चढ दीड हजार फुटांच्या वर. या जातीच्या अगदी पहिल्या गाड्यांत इंजिनातले पाणी फिरवायला पंपच नव्हता. तापलेले पाणी आपोआप वर चढे आणि गारलेले खाली उतरे, आधणाच्या भांड्यात होते तसे. विलायतेच्या थंडीत ते ठीक होते. आमच्या गाडीत पंप आहे, तरी एप्रिल-मे महिन्यांत घाटात ती उकळतेच. म्हणून सासूबाईंचा नियम होता : घाट पहाटे चढायचा, पाण्याचे दोन डबे बरोबर घ्यायचे, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी उभी करायची. घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे हे देऊळ. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात. सासूबाई नाणेही टाकीत आणि इंजिनही गार करीत. देवाधर्मात आणि यंत्रात त्यांनी कधी भांडण लावले नाही.

या सगळ्याचा पुरावा काय, असे चिटणीसबाई विचारतील. पुरावा आहे. आजेसासरे हिशेबाला कडक होते. त्यांनी सुनेला पेट्रोलची एक वही घालून दिली होती : तारीख, कुठे गेली, किती मैल, पेट्रोल किती. १९६६ ते १९८३ पर्यंतच्या अशा तीन वह्या आमच्याकडे आहेत. रस्त्यावरचे मैलांचे दगड जाऊन किलोमीटरचे आले, पेट्रोल लिटरने मिळू लागले, तरी वहीत अंतर मैलांतच आहे, कारण गाडीचा काटा मैलांचा. गेल्या दिवाळीत मी तिन्ही वह्या बसून वाचल्या. आरंभी नोंदी अशाच : गिरण ते बंदर, डॉक्टर, पेण, लग्न. मग जून १९६८ मध्ये एक नोंद येते : "आपटा रस्ता. बाळंतीण. रात्री २. अकरा मैल." मग पुन्हा ऑगस्टमध्ये. मग वर्षातून दोनदा, तीनदा. मी पेन्सिलीने खुणा करीत गेले. तिन्ही वह्यांत मिळून 'बाळंतीण' हा शब्द तेवीस वेळा आला आहे.

सासूबाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय सांगायचंय? गाडी होती, दार ठोठावलं, गेले." फार खोदून विचारल्यावर एक हकीकत सांगितली. १९७१ चा पावसाळा. गाढी नदी भरून आली होती. जवळच्या वाडीतली एक मुलगी, पहिलटकरीण, दोन दिवस अडलेली. बैलगाडीतून आणायचे तर पहाट झाली असती. सासूबाई कंदील घेतलेल्या माणसाला पुढे बसवून गेल्या. येताना पाणी रस्त्यावर आले होते. पाण्यात गाडी घालायची तर पंख्याने उडविलेले पाणी इंजिनावर येऊन ते बंद पडते, म्हणून त्यांनी उतरून पंख्याचा पट्टा काढला आणि पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, गाडी पलीकडे काढली. मागच्या बैठकीवर मुलीची आई एकसारखी देवाचे नाव घेत होती. दवाखान्याच्या दारात पोचले आणि पाच मिनिटांत मुलगा झाला. "पट्टा काढायचा हे तुम्हांला कुणी शिकवलं, आई?" असे मी विचारले. "मिस्त्रीने एकदा काढताना पाहिला होता," एवढेच उत्तर.

गावात मात्र आजही ती 'आबांची गाडी' आहे. आबा म्हणजे आजेसासरे. आर. सी. पुस्तकातही त्यांचेच नाव. त्यांनी ती आठ वर्षे चालविली. सासूबाईंनी सतरा वर्षे. तरी इतिहासात नाव राहिले ते आबांचे. आबांविषयी माझ्या मनात आदरच आहे, त्यांनी चाक हाती दिले नसते तर पुढचे काहीच घडले नसते. पण वही एक सांगते आणि लोक दुसरे सांगतात, तेव्हा वहीचे ऐकावे असे मला वाटते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि जुन्या गाड्यांचे दिवस पालटले. मिस्त्री म्हातारे झाले, सुटे भाग मिळेनात. गिरणही बंद पडली. बेबी आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. मधूनमधून सासूबाई तिला सुरू करीत, आवारात फेरी मारीत. मी सून म्हणून आले ती २००१ साली. दुसऱ्याच वर्षी द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि बरीचशी वाहने तिकडे गेली. त्यामुळे पहाटेच्या वेळी जुन्या रस्त्यावर शिकणे मला सोपे गेले. शेडुंगपर्यंत जायचे, परत यायचे. सासूबाई शेजारी बसून हातांत जपमाळ घेत, डोळे मात्र रस्त्यावर.

२६ जुलै २००५ च्या महापुरात शेडमध्ये पाणी शिरले आणि गाडीच्या बैठकीपर्यंत चढले. ओसरल्यावर आत गाळ आणि एक जिवंत बेडूक होता. आम्ही दोघींनी बैठका उचकटून उन्हात वाळविल्या. एका वृद्ध मिस्त्रींनी तेल तीनदा बदलले, डायनामो सोडवून आठवडाभर पत्र्यावर उन्हात ठेवला. चार महिन्यांनी पंप पुन्हा टक टक करू लागला, तेव्हा सासूबाईंनी तिथेच साखर वाटली.

आता प्रश्न असा आहे. आवाराची जागा इमारतीसाठी जायची आहे. शेड राहणार नाही. भंगारवाला वजनावर पैसे देतो म्हणतो. मुंबईचा एक हौशी माणूस त्याहून बरे पैसे देऊन न्यायला तयार आहे. मुले म्हणतात, जुनी गाडी रस्त्यावर आणणे म्हणजे दंडाला आमंत्रण. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात असे मिस्त्रीही सांगतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला आहे : पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ स्वरूपातली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढे नूतनीकरणाला पाच हजार. आधी नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आमची बी. एम.ची पाटी राहील. पण अट अशी की अशी गाडी रोजच्या कामासाठी चालवायची नाही. प्रदर्शनाला, जुन्या मोटारींच्या मिरवणुकीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यावी.

हे मी सासूबाईंना वाचून दाखविले. त्यांची नजर आता मंद झाली आहे, कान तिखट आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे रात्री दार ठोठावलं तर काढायची नाही?" मी म्हटले, "आता रुग्णवाहिका असते, आई. एकशे आठ नंबर लावला की येते." "ते बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पण मग वहीत काय लिहाल?"

घरात मते दोन आहेत. माझे मत मी सांगून टाकते : गाडी पनवेलमध्येच राहावी आणि 'व्हिंटेज' म्हणून तिची नोंद व्हावी. वीस हजारांपैकी बारा हजार मी शिलाईच्या पैशांतून बाजूला टाकले आहेत. जागेचे अजून जमलेले नाही. आबा हयात नसल्याने वारसाच्या नावावर गाडी करून घ्यावी लागेल. ती सासूबाईंच्याच नावावर व्हावी असा माझा आग्रह आहे, आणि त्याला घरात कुणी विरोध केलेला नाही. कागद सध्या वकिलांकडे आहेत.

वाचक भगिनींना एक विनंती. वह्यांत बाळंतिणींची नावे नाहीत, फक्त गावे, तारखा आणि मैल आहेत. आपटा रस्ता, पळस्पे, शिरढोण, चौक, आणि गाढीकाठच्या वाड्या या बाजूंची नावे पुन:पुन्हा येतात. १९६८ ते १९८३ या काळात आपल्या घरातली कुणी राखी रंगाच्या लहान मोटारीतून दवाखान्यात गेली असेल, किंवा त्या गाडीचे एखादे छायाचित्र कुणाच्या जुन्या अल्बमात असेल, तर मंडळाच्या कार्यालयात माझ्या नावे निरोप ठेवावा. १९७१ च्या पावसाळ्यातला तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. तो कुठे असतो हे सासूबाईंना जाणून घ्यायचे आहे.